गिऱ्हाईक कोण आणणार?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकारिणीने आम्हाला 'लघुउद्योग आणि बँकेचे कर्ज' या विषयावर बोलावे असे सुचविले होते. कर्जाची माहिती आम्ही अवश्य देऊ. पण ती पाच मिनिटांत संपेल. उरलेला वेळ आम्हाला वेगळ्या गोष्टीसाठी हवा आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून आम्हाला वीस वर्षे झाली. या काळात आपल्या समाजातील अनेक तरुण कर्जाचा अर्ज घेऊन येताना आम्ही पाहिले. कर्ज मिळायला अडचणी येतात, हेलपाटे पडतात, हे खरे. पण ज्यांना कर्ज मिळाले, यंत्र आले, पाटी लागली, पुढाऱ्यांच्या हस्ते फीत कापली गेली, त्यांच्यापैकीही कितीतरी दुकानांचे शटर दोन वर्षांच्या आत कायमचे खाली आले. असे का व्हावे?

कर्जाच्या अर्जासोबत प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. त्यात 'अपेक्षित मासिक विक्री' असा एक रकाना असतो. हा रकाना बहुधा अहवाल टाईप करून देणारा माणूस भरतो. काउंटरवर आम्ही अर्जदाराला विचारतो, "दरमहा साठ हजारांची विक्री लिहिली आहे. हा माल कोण घेणार?" अर्जदार सोबत आलेल्या माणसाकडे पाहतो. सगळी अडचण इथेच आहे. यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे हे त्याला तोंडपाठ असते, पण आपला पहिला गिऱ्हाईक कोण हे त्याने मनाशी ठरवलेले नसते. दुकान उघडले की गिऱ्हाईक आपोआप येईल, अशी त्याची समजूत असते. ते येत नाही. ते आणावे लागते, आणि ते आणण्याचे काम मालकाचेच असते.

मित्रहो, आपल्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकानात आणि हॉटेलात जाण्याचा हक्क आपल्याला दिला. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९ व्या कलमाने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन सामाजिक व आर्थिक बहिष्कार हाही गुन्हा ठरला. ही सर्व संरक्षणे मोलाची आहेत. पण एखादे गिऱ्हाईक काही न बोलता आपल्या दुकानावरून पुढे गेले आणि तीच वस्तू शेजारच्या दुकानातून दोन रुपये जास्त देऊन घेतली, तर त्याला कोणते कलम लावणार? नोकरीला आरक्षण आहे, गिऱ्हाइकाला आरक्षण नाही. तिथे आपल्यालाच उभे राहावे लागते.

खुद्द बाबासाहेबांना हा अनुभव आला होता. परदेशातील शिक्षण अर्धवट सोडून १९१७ साली ते परत आले. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी मुंबईत शेअर व रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! अशा विषयात त्यांच्या तोडीचा सल्लागार तेव्हा शोधून सापडला नसता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढचा इतिहास आपणा सर्वांना माहीत आहे. या घटनेतून आम्ही एवढेच घेतो की माल उत्तम असला म्हणजे तो विकला जातोच असे नाही. माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये विश्वास नावाची एक पायरी असते, आणि आपल्या वाट्याला ती पायरी इतरांपेक्षा उंच आलेली आहे.

ही पायरी कशी चढता येते, याचे दुसरे उदाहरण कोल्हापूरचे आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितले की नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ, मी मदत करतो. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले. त्याचे नाव 'सत्यसुधारक हॉटेल'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, जागा मोक्याची. पण महाराच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. भांडवल होते, माल होता, जागा होती. गिऱ्हाईक मात्र नव्हते.

हे महाराजांच्या कानी गेले. त्यांना आणखी पैसे पाठवता आले असते, किंवा लोकांनी तिथे चहा घ्यावा असा हुकूमही काढता आला असता. त्यांनी वेगळेच केले. भर रस्त्यात, सर्वांच्या देखत, गाडी हॉटेलासमोर थांबवून त्यांनी गंगारामांकडून चहा मागवला, स्वतः घेतला आणि सोबतच्यांनाही पाजला. संस्थानचा राजा त्या दुकानाचा गिऱ्हाईक झाला. त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. याच गंगारामांनी आपल्या बांधवांच्या साथीने पुढे १९२५ साली कोल्हापुरात महाराजांचे स्मारक उभारले. मदत घेणारा हात स्वतःच्या कमाईतून स्मारक उभारण्याइतका मोठा झाला, ही त्या चहाची किंमत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराज एका दिवशी चहा पिऊन गेले असतील, चार दिवस गेले असतील. पाचव्या दिवशी साधा माणूस जेव्हा आला, तेव्हा त्याला चांगलाच चहा मिळायला हवा होता. पहिले गिऱ्हाईक दुसरा कोणी आणून देऊ शकतो. ते पुन्हा येणे मात्र मालकाच्याच हातात असते.

भगवान बुद्धांनी दुकानदाराविषयी काय सांगितले आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात पापणिक म्हणजे दुकानदार यावर दोन सुत्ते आहेत. पहिल्यात सांगितले आहे की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात नीट लक्ष घालत नाही, त्याच्याकडे संपत्ती येत नाही आणि असलेली वाढत नाही. दुसऱ्यात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो 'चक्खुमा' म्हणजे डोळस असतो, 'विधुर' असतो आणि 'निस्सयसम्पन्न' म्हणजे आधार असलेला असतो. यातला विधुर मराठीतला नव्हे, घाबरू नका! पालीत त्याचा इथला अर्थ खरेदी-विक्रीत कुशल असा आहे. हे तीन गुण आपल्या परभणी जिल्ह्याच्या बाजारात कसे लागू पडतात ते पाहू.

डोळस कोण? ही वस्तू एवढ्याला पडली, एवढ्याला विकली तर एवढे सुटतील, हे ज्याला दिसते तो. एक नमुन्याचा हिशेब मांडतो. समजा, एखाद्या ताईंनी कारळाची चटणी विकायचे ठरवले. एक किलो चटणीला कच्चा माल २०० रुपये, गॅस व दळण २५, पाकिटे व लेबल २५, ये-जा ३०. झाले २८०. पाव किलोचे पाकीट ७० रुपयांना पडले म्हणून ताई ८० ला विकतात आणि दहा रुपये सुटले असे मानतात. पण त्यांची स्वतःची मेहनत? तिचे निदान ६० रुपये धरले तर किलोचा खर्च ३४० होतो, म्हणजे पाकीट ८५ ला पडते. ८० ला विकून पाकिटामागे पाच रुपये तोटा! घरच्या माणसाची मेहनत फुकट धरायची ही आपली जुनी खोड आहे. वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या समाजाने स्वतःलाच वेठीला धरू नये.

आता त्याच पाकिटाची किंमत १०० ठेवली. किराणा दुकानदाराने १५ रुपये कमिशन घेतले तर हातात ८५ येतात, म्हणजे मेहनत निघते, नफा शून्य. तेच पाकीट ताईंनी स्वतः विकले तर १५ रुपये नफा. आणि एक पाकीट उधार जाऊन बुडाले, तर ८५ रुपयांची खोट भरून काढायला जवळजवळ सहा पाकिटे रोखीने विकावी लागतात. हा हिशेब कागदावर लिहून दुकानात लावा. उधारी मागणाऱ्यासमोर तोंड उघडणे जड जाते, तेव्हा तो कागद बोलेल.

आपला जिल्हा शेतीवर चालतो. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला, कापसाचे त्यानंतर संक्रांतीपर्यंत, ज्वारीचे होळीच्या सुमारास हातात येतात. जूनमध्ये पेरणीला घरातला पैसा जातो आणि त्याच महिन्यात शाळा सुरू होतात. म्हणजे गणवेश शिवणाऱ्याकडे काम येते तेव्हा गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा असतो. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. म्हणून दिवाळीचा गल्ला ही दिवाळीची कमाई समजू नका. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. जूनचा हप्ता त्या चौथ्या भागातून जातो. उधार द्यावेच लागले तर मर्यादा आणि तारीख लिहून द्या. 'खळ्यावर देतो' ही तारीख नव्हे.

दुसरा गुण, विक्रीतील कौशल्य. दुकान म्हणजे चार भिंती, हे आधी डोक्यातून काढून टाका. परभणीचा शनिवार बाजार घ्या, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा इथले आठवडी बाजार घ्या, की फेब्रुवारीतला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस घ्या. तिथे बसणारा विक्रेता हाक मारतो, माल हातात देतो, चव दाखवतो. आपला पदवीधर तरुण मात्र दुकानात खुर्ची टाकून मोबाईल पाहत बसतो. हाक मारणे त्याला कमीपणाचे वाटते. मित्रहो, विकणे म्हणजे हात पसरणे नव्हे. आपण काही मागत नाही, आपण देतो आणि त्याचे दाम घेतो.

पहिल्या महिन्यात मालकाने रोज दोन ठिकाणी स्वतः जावे. वसतिगृहाची खानावळ, शाळा, बांधकामाचा ठेकेदार, दवाखान्यासमोरचे उपाहारगृह, ज्याचा जसा माल तसे गिऱ्हाईक. जाताना नमुना, लेखी दरपत्रक आणि एक वही न्यावी. वहीत कोणाला भेटलो, काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावले हे लिहावे. ज्या दिवशी बोलावले त्या दिवशी जावे. 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारावे. भाव जास्त वाटला, पाकीट मोठे वाटले, की वेळेवर मिळेल याची खात्री नाही? प्रत्येक नकार जातीमुळेच आला असे धरून चालल्यास आपल्या मालातला दोष आपल्याला कधीच दिसणार नाही. आणि तो जातीमुळेच आला असेल, तर त्या दाराशी दिवस न घालवता पुढचे दार गाठावे.

व्हॉट्सॲपवर जाहिरात करणारे आता पुष्कळ आहेत. पण ती जाते कुठे? आपल्याच समाजाच्या गटांत. आपल्या वस्तीवर धंद्याचा पाया घालता येतो, पण त्यावर सगळे घर चालत नाही. ज्या दिवशी वस्तीबाहेरचा अनोळखी माणूस दुसऱ्यांदा येईल, त्या दिवशी धंदा सुरू झाला असे समजा.

आता नाजूक प्रश्न. पाटीवर नाव कोणते लावायचे? काही तरुण चालू खाते उघडायला येतात आणि हळू आवाजात विचारतात, "साहेब, आडनाव दिसणार नाही असे करता येईल का?" हे ऐकताना आमच्या पोटात तुटते. त्यांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. त्यांची भीती कुठून आली हे आपण वर पाहिलेच. दुकानाला कोणतेही नाव द्यावे, तो मालकाचा अधिकार आहे. पण नाव भीतीपोटी निवडू नये. त्याला एक व्यवहारी कारण आहे. आज गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करते तेव्हा पुष्कळदा खातेदाराचे नाव-आडनाव त्याच्या फोनवर येते. चहा दहा रुपयांचा असला तरी येते. लपवून जोडलेले गिऱ्हाईक एका क्षणात जाऊ शकते. उघडपणे जोडलेले गिऱ्हाईक सहसा जात नाही, कारण त्याने सगळे जाणूनच आपला माल पसंत केलेला असतो.

आणि नाव मोठे कशाने होते, याचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. 'बनी तो बनी, नही तो परभणी' असे आपल्या गावाला लोक चेष्टेने म्हणत आले. इथल्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा एक वाण काढला आणि त्याला गावाचेच नाव दिले, 'परभणी क्रांती'. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगापुढे तो टिकला, म्हणून परराज्यांतल्या शेतकऱ्यांनीही तो पेरला. परभणी कुठे आहे हे कोणी आधी विचारले नाही. पीक चांगले आले म्हणून नाव लक्षात राहिले. ज्वारीच्या 'परभणी मोती' आणि 'परभणी ज्योती' या वाणांचेही तसेच. तुमच्या पाकिटावरील वजन पुरे भरले, तारीख खरी असली, सांगितल्या दिवशी माल पोचला, तर तुमचेही नाव असेच चालेल.

तिसरा गुण आधाराचा. सुत्तात त्याचा अर्थ मोठा मार्मिक आहे. हा दुकानदार डोळस आहे, कुशल आहे, बायका-मुलांना पोसून वेळच्या वेळी परतफेड करू शकतो, हे धनवान लोकांच्या लक्षात येते आणि ते स्वतः होऊन त्याला पैसा देऊ करतात. म्हणजे भांडवल तिसऱ्या क्रमांकावर आहे! आपण ते पहिल्या क्रमांकावर ठेवले, आणि तिथेच गणित चुकते. बँकही हेच पाहते. सहा महिने थोड्या मालाची विक्री करून तिची रोजची नोंद आणि खात्यातला भरणा घेऊन या. अशा माणसाशी शाखाधिकारी वेगळ्या आवाजात बोलतो.

आता कबूल केलेली कर्जाची माहिती. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारण न देता कर्ज मिळते. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत. तरुण गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा २० लाख करण्यात आली. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आहेत, त्यांची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून घ्यावा असे ठरले आहे. फॅब्रिकेशन, छपाई, गणवेश असे उद्योग करणाऱ्यांनी 'उद्यम' नोंदणी करून हा मार्ग जरूर पाहावा. २००५ साली पुण्यात स्थापन झालेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे डिक्की, अशा उद्योजकांना एकत्र आणते.

शेवटी दोन शब्द नोकरदार सभासदांसाठी, म्हणजे आपल्या स्वतःसाठी. आपण शिक्षक आहोत, कारकून आहोत, महावितरणात आहोत, एस.टी.त आहोत. महिन्याच्या महिन्याला पगार होतो. समाजाचे ऋण फेडायचे म्हणून आपण वर्गणी देतो, वह्या वाटतो. हे चालू राहावे. पण आपल्या एखाद्या बांधवाने दुकान काढले की आपण काय करतो? उद्घाटनाला जातो, पेढा खातो, फोटो काढतो. नंतर किराणा आपल्या नेहमीच्या दुकानातून आणतो. आणि त्याच्याकडे गेलोच तर म्हणतो, "आपलाच माणूस आहे, लिहून ठेव." परक्या दुकानात रोख आणि आपल्या माणसाकडे उधार, हा कुठला न्याय? त्याचे दुकान बुडवण्यात परक्यांच्या दुराव्याइतकाच आपल्या जवळिकीचाही वाटा असतो.

शाहू महाराजांकडे राज्य होते. आपल्याकडे पगाराची पावती आहे. पण त्यांनी जे केले ते आपल्याला करता येते. आपल्या कार्यालयातल्या चार वेगवेगळ्या समाजांच्या सहकाऱ्यांना घेऊन त्या दुकानात जावे, चहा मागवावा, रोख पैसे द्यावेत, आणि चहा चांगला नसला तर मालकाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगावे. दया म्हणून वाईट माल घेऊ नये. दयेने घेतलेला माल दुकानदाराला आंधळा करतो, आणि सुत्ताने पहिला गुण डोळसपणाचा सांगितला आहे.

विद्यार्थी मित्रहो, आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधरांना एके काळी बँकेची परीक्षा देऊन खुर्ची मिळाली. आता त्या खुर्च्या कमी झाल्या आहेत. स्पर्धा परीक्षा अवश्य द्या, पण परीक्षेच्या दोन निकालांच्या मधल्या काळात एखादी वस्तू विकून पाहा. वह्या विका, पुस्तके विका, घरची चटणी विका. शंभर अनोळखी माणसांशी बोला. त्यातून पुढे दुकान निघेल किंवा न निघेल, पण अनोळखी माणसासमोर मान ताठ ठेवून आपल्या कामाचे दाम मागण्याची सवय लागेल. ती सवय आपल्या आजोबा-पणजोबांना लागू दिली गेली नव्हती.

बाहेर मंडपात आपल्या भगिनींनी खाद्यपदार्थांचे आणि पुस्तकांचे स्टॉल मांडले आहेत. जाताना तिथे थांबा, भाव विचारा, पसंत पडेल ते घ्या आणि कृपा करून रोखीने घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!